४१६००६ : एका पिनकोडाचे अंकगणित

४१६००६ हा कोल्हापुरातील कसबा बावड्याचा पिनकोड. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही सहा अंकी पद्धत टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केली. टपालाला ती नुसती खूण. पूर्णांक म्हणून मात्र तिचे गुणधर्म दोन प्रकारचे आहेत. काही संख्येच्या अंगचेच, तर काही ती दशमान पद्धतीत लिहिल्यामुळे आलेले.

पहिल्या प्रकारात अवयव येतात. ४१६००६ = २ × २०८००३. यातील २०८००३ ला ४५६ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही, म्हणून ती स्वतःच मूळ आहे. त्यामुळे ४१६००६ ला चारच विभाजक: १, २, २०८००३ आणि ती संख्या. तिला ४ ने भागले की बाकी २ उरते. दोन पूर्ण वर्गांच्या वजाबाकीत अशी बाकी कधीच येत नाही. २०८००३ ला ४ ने भागल्यास बाकी ३ येते आणि हा अवयव एकदाच असल्यामुळे ४१६००६ दोन वर्गांची बेरीजही होऊ शकत नाही.

दुसऱ्या प्रकाराचा अभ्यास देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी आयुष्यभर केला. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. ४१६००६ च्या अंकांची बेरीज १७. भागाकारात १६ उरतात, म्हणून ती हर्षद नाही. सांगलीचा ४१६४१६ मात्र हर्षद आहे: बेरीज २२, भागाकार १८९२८. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती कापरेकरांची ‘स्वयंभू’ संख्या. ४१५९७५ + ३१ = ४१६००६, म्हणून बावड्याची संख्या स्वयंभूही नाही.

कापरेकरांची सर्वांत प्रसिद्ध क्रिया वजाबाकीची. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करायचा आणि उत्तरावर तेच पुन्हा करायचे. चार अंकांत, सगळे अंक सारखे नसतील तर, शेवटी ६१७४ येते. सहा अंकांत एकच मुक्काम नाही. बावड्याचा प्रवास असा:

६६४१०० − ००१४६६ = ६६२६३४
६६६४३२ − २३४६६६ = ४३१७६६
७६६४३१ − १३४६६७ = ६३१७६४

६३१७६४ चे अंक ४३१७६६ चेच असल्याने पुढे तेच उत्तर येत राहते. सांगलीची संख्या एकाच वजाबाकीत दुसऱ्या स्थिरांकावर, ५४९९४५ वर, पोहोचते. राजारामपुरीचा ४१६००८ पहिल्याच पायरीला ८६२६३२ देतो आणि सात संख्यांच्या चक्रात अडकतो: ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२ आणि परत ८६२६३२. ही सर्व उत्तरे ९ च्या पटीतली आहेत, कारण वजा होणाऱ्या दोन्ही संख्यांचे अंक तेच असतात आणि ९ ने भागल्यावरची बाकी अंकांच्या बेरजेवरून ठरते.

दहाऐवजी आठ किंवा बारा हा पाया घेतला, तर ही वजाबाकी वेगळ्याच वाटेने जाते. अवयव मात्र कोणत्याही पायात तेच राहतात.