गालिच्यावरील डाग : आधी धागा ओळखा, मग पाणी लावा

गालिचा विकताना आपण लांबी-रुंदी, रंग आणि भाव सांगतो. डाग पडल्यास काय करावे हे क्वचितच सांगतो. मग ग्राहक घरात असेल ती पावडर चोळतो, माल बिघडतो आणि बोल दुकानदाराला लागतो.

बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकसारख्या गावात डागांना तोटा नाही. भोवती उसाची शेती, काळी माती आणि गावच्याच हद्दीत शिवनगरला सहकारी साखर कारखाना. चिखलाची पावले, उसाचा रस, चहा आणि ईदला सांडलेले सालन व शीरखुर्मा हे घरोघरचे डाग.

प्रथम धागा ओळखावा. गालिच्याच्या लवेतून एक तंतू काढून जाळावा. लोकरीला जळक्या केसाचा वास येतो आणि राख चिमटीत चुरडते. सूत कागदासारखे जळते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. लोकरीला धुण्याचा सोडा व कपड्याची पावडर लावू नये. ब्लीच तर लोकर विरघळवते.

दुसरा नियम, डाग चोळू नये, टिपावा. पांढरे सुती फडके घेऊन कडेकडून मध्याकडे यावे. कोणतेही द्रव्य आधी कोपऱ्यात लावून रंग सुटतो का ते पाहावे.

चिखल पूर्ण वाळू द्यावा, मग ब्रशने झाडावा. उसाचा रस व गूळ कोमट पाण्याने निघतो. चहासाठी एक भाग पांढरा व्हिनेगर व दोन भाग पाणी वापरावे. तूप-तेलावर मैदा पसरावा, काही तासांनी झाडून भांड्यांच्या सौम्य साबणाचे पाणी लावून टिपावे. दूध, अंडे व रक्त यांना फक्त थंड पाणी. गरम पाण्याने ते डाग पक्के होतात. हळदीला साबण लागला की ती लाल दिसते, त्याने घाबरू नये. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो. मात्र गालिच्याचा रंगही उडू शकतो, म्हणून ऊन थोडेच द्यावे. मेंदी लोकरीला केसासारखीच रंगवते. ती ओली असतानाच उचलावी, नंतर इलाज नाही.

पाणी बेताचेच वापरावे. खाली ज्यूट असल्यास जास्त ओलीने तपकिरी डाग वर येतो. ओला गालिचा दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा वाळवावा. डाग जाणे आणि गालिचा पाक होणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. दुसऱ्या बाबीसाठी आलिमांना विचारावे.

मशिदीचा गालिचा लोकांच्या वर्गणीतून येतो. तेथे कृत्रिम माल लोकरीचा म्हणून खपवणे म्हणजे साऱ्या जमातीला फसवणे. कोरड्या धान्याखाली भिजलेले धान्य लपवणाऱ्या विक्रेत्याला प्रेषितांनी (स.) बाजारात कसे खडसावले, ते आपण जाणतोच. म्हणून बिलासोबत एक चिठ्ठी द्यावी : धागा कोणता, रंग पक्का की कच्चा आणि काय लावू नये. खर्च नाममात्र, पण ग्राहक पुन्हा आपल्याच दुकानाची पायरी चढेल.