जिथे कुऱ्हाड, तिथे हरीण

नोव्हेंबरच्या १५ तारखेला मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात अनेक शाळा बंद असतात. सण नाही, कुणाची जयंती नाही. त्या दिवशी पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम उघडतो. वार कोणताही असो, तारीख ठरलेली. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि लाखो माणसे भडक नारिंगी जाकिटे चढवून रानात शिरतात. मिनेसोटात हे सगळे त्याच्याही आधी, महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास सुरू झालेले असते. मिनियापोलिस, शिकागो, डेट्रॉइटच्या मराठी मंडळींना या दिवसांची ओळख होते ती ऑफिसातल्या रिकाम्या खुर्च्यांमुळे. खुर्चीचा मालक परतला की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो शिंगाला किती टोके होती याचा. दुसरा, कुठे मिळाला, हा प्रश्न जाणती माणसे विचारत नाहीत. तिकडचा शिकारी एक वेळ पगार सांगेल, पण जागा सांगणार नाही.

ही जागा शोधायची कशी, यावर तिकडे शंभर वर्षे लिहिले-बोलले जात आहे. नवखा माणूस काय करतो? नकाशा उघडतो, ज्या तुकड्यात एकही रस्ता नाही असा तुकडा शोधतो आणि मनाशी ठरवतो की हरणे इथेच असणार, कारण इथे कुणी जात नाही. ऐकायला पटते, पण उत्तरेच्या रानात हे बहुतेकदा चुकते. तिथे अगदी दुर्गम, जुने, उंच झाडांचे जंगल हरणांच्या बाबतीत जवळजवळ उपाशी असते. डोक्यावर दाट छत्र, खाली अंधार, जमिनीवर सूचिपर्णांचा थर. सहा फुटांच्या आत तोंडात धरण्यासारखे काही नाही. पांढऱ्या शेपटीचे हरीण गवतावर जगणारे नव्हे. त्याला कोवळ्या फांद्यांचे शेंडे, कळ्या, पाला, झुडपे लागतात, आणि ती उगवतात उन्हात. ऊन आत येते ते छत्र मोडल्यावर.

इतिहासही हेच सांगतो. गोरे लाकूडतोडे येण्यापूर्वी सुपीरिअर सरोवराभोवतालच्या घनदाट पट्ट्यात हे हरीण विरळ होते. ते रान मूस आणि कॅरिबूचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची साठ-एक वर्षे मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटातला पांढरा पाइन अक्षरशः भुईसपाट झाला. मागे उरलेल्या वाळक्या फांद्यांच्या ढिगाऱ्यांना आगी लागल्या. ८ ऑक्टोबर १८७१ रोजी पेश्टिगो गावाला गिळणाऱ्या आगीत हजाराहून अधिक माणसे गेली. त्याच रात्री शिकागोही पेटले, म्हणून जगाला शिकागो आठवते. त्या जळक्या, उघड्या जमिनीवर अ‍ॅस्पेन उगवला, बर्च उगवला, रानटी चेरी उगवली आणि दक्षिणेकडून हरीण वर सरकले. अर्थात त्याला सुखाने सरकू दिले गेले असे नाही. रेल्वेने शिकागोच्या बाजारात हरणांचे मांस जात होते. १९००च्या सुमारास साऱ्या अमेरिकेत हे हरीण पाचेक लाखांवर आल्याचा अंदाज आहे. १९०० सालीच लेसी कायद्याने चोरट्या शिकारीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याला आळा घातला, राज्यांनी आपापले हंगाम आवळले, आणि आज तीच संख्या तीन कोटींच्या घरात सांगितली जाते.

जंगल तोडल्यावर ती जमीन शेतीसाठी विकण्याचा धंदाही जोरात चालला. युरोपातून आलेली कुटुंबे बुंधे उपटत बसली. रेताड माती, तीन-साडेतीन महिन्यांचा उन्हाळा, कर भरायला पैसा नाही. हजारो जण जमीन सोडून निघून गेले आणि थकलेल्या करापोटी ती जमीन काउंटीच्या गळ्यात पडली. विस्कॉन्सिनने १९२७ साली कायदा करून अशा जमिनींची काउंटी-वने केली. आज ती सुमारे २४ लाख एकर आहेत. शेक्वामेगन-निकोले राष्ट्रीय वन आणखी पंधरा लाख एकरांचे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही असा कारखान्यातला कामगारही परवाना काढून तिथे बिनधास्त हिंडू शकतो. युरोपात शतकानुशतके शिकार ही जमीनदाराची मिरास होती. इथे ती सर्वांची झाली, त्यातला मोठा वाटा शेतकऱ्यांच्या दिवाळखोरीचा आहे, आणि शिकारीच्या गौरवग्रंथांत त्या कुटुंबांना फारशी जागा मिळत नाही.

तर जागा शोधायची ती कुऱ्हाडीच्या मागोमाग. विदर्भातल्या वनमजुराला कूप म्हणजे काय (तोडीसाठी आखलेला रानाचा तुकडा) ते सांगावे लागत नाही. उत्तरेतही अ‍ॅस्पेनचे कूप पाडले जातात, साधारण चाळीस-पन्नास वर्षांच्या फेऱ्याने, मुख्यतः कागदाच्या लगद्यासाठी. अ‍ॅस्पेन तोडला की मुळांतून हजारो धुमारे फुटतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत चारा भरपूर, पण आडोसा कमी. पुढे दहा-बारा वर्षांपर्यंत चारा आणि आडोसा दोन्ही. त्यानंतर शेंडे हरणाच्या तोंडाबाहेर जातात आणि जागा ओसरते. म्हणजे आजोबांनी मोठ्या विश्वासाने नातवाला सांगितलेल्या गुप्त जागेची मुदत केव्हाच संपलेली असू शकते. कूप कुठे आणि कधी पडले याची माहिती काउंटीच्या वनकार्यालयात मागितली तर मिळते. उपग्रहचित्रांवर वेगवेगळ्या वयांचे कूप ओळखता येतात. आता मोबाइलवर जमिनीच्या हद्दी दाखवणारी अ‍ॅप्स आहेत, त्यामुळे कुणाच्या खासगी रानात चुकून शिरण्याची सबबही उरलेली नाही. जाणकार दोन वयांच्या कूपांची सीमा शोधतात, शेजारी दलदल असेल तर फारच उत्तम. खाणे एका बाजूला, लपणे दुसऱ्या बाजूला आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून रोजची ये-जा. बीव्हरने बांधलेला बांध, दोन तळ्यांमधली वाट, दलदलीतला बेटासारखा उंचवटा ही सगळी अशीच गळ्याची ठिकाणे.

कागदाच्या या गणिताला अलीकडे धक्का बसला आहे. छापील कागदाची मागणी घटली, २०२० साली विस्कॉन्सिन रॅपिड्सची मोठी गिरणी बंद पडली. लगद्याला गिऱ्हाईक नाही तर अ‍ॅस्पेन कोण तोडणार? वर्तमानपत्र मोबाइलवर वाचणाऱ्याचा आणि हरणाच्या चाऱ्याचा संबंध असा दूरवरून जुळतो.

कुऱ्हाडीनंतर बर्फ. उत्तरेत हरणांची संख्या ठरवण्यात बंदुकीपेक्षा हिवाळ्याचा हात मोठा. विस्कॉन्सिनचे नैसर्गिक संसाधन खाते १ डिसेंबर ते ३० एप्रिल रोज नोंद ठेवते. पारा शून्य फॅरनहाइटला किंवा खाली गेला की त्या दिवसाचा एक गुण, जमिनीवर अठरा इंच किंवा अधिक बर्फ असेल तर आणखी एक. बेरीज पन्नासच्या आत राहिली तर हिवाळा सौम्य, शंभरावर गेली तर अतिकडक. २०१३-१४चा हिवाळा असाच कडक होता आणि पुढची काही वर्षे उत्तरेच्या शिकाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. बर्फ गुडघ्यावर गेला की हरणे सीडर, हेमलॉकच्या दाट दलदलींत गोळा होतात. वरच्या फांद्या बर्फ अडवतात, वारा लागत नाही, येण्याजाण्याने वाटा मळतात, आणि सीडरचा पाला हा हिवाळ्यात तग धरण्याइतका कस असलेला थोड्या चाऱ्यांपैकी एक. यासाठी काही हरणे दहा-पंधरा मैल चालून येतात. शिकारीच्या हंगामात हे सगळे पुढे असते. पण ज्या भागात जवळपास असे हिवाळी आसरे नाहीत, तिथला कूप कितीही हिरवा असला तरी वसंतात त्यावर चरायला फारशी हरणे उरत नाहीत. गंमत म्हणजे गोळा झालेली हरणे सीडरची रोपेच खाऊन टाकतात, त्यामुळे जुने आसरे म्हातारे होत चालले आहेत आणि नवे तयार होत नाहीत.

हे लक्षात घेतले की नकाशा वेगळा दिसू लागतो. अप्पर पेनिन्सुलात उत्तरेला किविनॉ द्वीपकल्पावर सरोवराच्या कृपेने वर्षाला दोनशे इंचांहून अधिक बर्फ पडतो. दक्षिणेला मेनॉमिनी काउंटीत त्या मानाने फार कमी. एकच द्वीपकल्प, पण हरणे दक्षिणेत दाट आणि उत्तरेत तुरळक. मिनेसोटात बाउंडरी वॉटर्सचे दहा लाख एकरांहून मोठे, बहुतांशी वल्हवत जाण्याचे रान दिसायला स्वर्ग आहे, हरणांसाठी मात्र गरीब. हिवाळ्यात तिकडची हरणे सुपीरिअरच्या किनाऱ्याकडे उतरतात. न्यूयॉर्कच्या अ‍ॅडिरॉन्डॅक्समधल्या सरकारी वनात १८९४च्या राज्यघटनेनेच लाकूडतोड बंद केली. तिथे शिकाऱ्याला बीचच्या बियांचा बहर शोधावा लागतो, आणि ज्या वर्षी बहर नाही त्या वर्षी नुसती पायपीट. मेनमध्ये चित्र उलटे. प्रचंड रान लाकूड कंपन्यांच्या मालकीचे, पण परंपरेने लोकांना खुले. कूप भरपूर, हिवाळी आसरे मात्र तोडीत गेले, म्हणून हरणे थोडी. पण जी आहेत ती दांडगी: आतडी काढल्यावरही २०० पौंड भरणारा नर तिथे मानाचा समजला जातो.

अशा विरळ रानात मचाणावर बसून वाट पाहणे म्हणजे संयमाची शिक्षा. म्हणून व्हरमाँट-मेनकडे बर्फात माग काढण्याची रीत वाढली, आणि व्हरमाँटच्या बेन्वा कुटुंबाने ती देशभर गाजवली. पहाटे ताजा, रुंद माग शोधायचा, त्यामागे दिवसभर चालायचे. माग सरळ जातो आहे तोवर पाय उचलायचे, तो नागमोडी होऊन हरीण चरू लागल्याचे दिसले की पाऊल मोजून टाकायचे, कारण हरीण जवळच बसणार असते, आणि बसते ते बहुधा मागची वाट न्याहाळत. मला स्वतःला शिकारीच्या सगळ्या प्रकारांत हाच प्रामाणिक वाटतो. यात जागा शोधायची नसते, हरीणच जागा दाखवते.

नोव्हेंबरचा मध्य हा नर माजावर येण्याचा काळ. तो दिवसाच्या घटत्या लांबीने ठरतो, थंडीने नव्हे, म्हणून दर वर्षी जवळपास त्याच दिवसांत येतो. साधारण दोनशे दिवसांनी, मे-जूनमध्ये पाडसे जन्मतात, तेव्हा बर्फ गेलेला आणि पाला कोवळा असतो. या दिवसांत नर खुराने जमीन उकरून त्यावर मूत्र टाकतो, वरची फांदी तोंडाने चघळतो, बुंध्यांवर शिंगे घासतो. मनगटापेक्षा जाड झाडाची साल निघालेली दिसली की अनुभवी माणसाचे डोळे चमकतात. पण माजावरचा नर मादीमागे मैलोगणिक भटकतो, त्यामुळे त्याच्या खुणांपेक्षा माद्या कुठे चरतात ते शोधावे, हा जाणत्यांचा सल्ला मला अधिक पटतो. वाऱ्याचा नियम तर सगळ्यांच्या वर. हरणाला आपला वास लागला की उत्तम जागाही फुकट.

आणि माणसे? बहुतेक शिकारी गाडीपासून फार लांब जात नाहीत. कारण आळस नव्हे, परतीचे ओझे. ऐंशी किलोंचा नर सीडरच्या दलदलीतून मैलभर ओढून आणलेला माणूस पुढच्या वर्षी जागा निवडताना जास्त विचार करतो. हंगामाच्या पहिल्या सकाळी रस्त्याकडेच्या वर्दळीने हरणे आपसूक आत सरकतात. विदर्भातल्या जुन्या शिकारकथांतला हाका इथे न ठरवता होतो. म्हणून नकाशा वाचताना इतरांच्या गाड्या कुठे लागणार, हेही वाचावे लागते.

शिंगांच्या मापांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या विक्रमांत दीर्घकाळ पहिल्या क्रमांकावर असलेला नर १९१४ साली विस्कॉन्सिनच्या डॅनबरी गावाजवळ, यलो नदीकाठी पडला. तोडलेल्या रानाच्याच मुलखात. मारणारा जेम्स जॉर्डन. शिंगे भुसा भरणाऱ्याकडे दिली, तो गाव सोडून गेला आणि शिंगे पन्नास वर्षे गडप. १९६४ साली मिनेसोटात जुन्या सामानाच्या विक्रीत ती तीन डॉलरला मिळाली. क्लबने १९७८च्या डिसेंबरात जॉर्डनचे नाव मान्य केले, तोवर त्याला जाऊन दोन महिने झाले होते.

हरणे वाढवणे हेच यश, असे मात्र नाही. १९४३ साली विस्कॉन्सिनमध्ये हरणे इतकी माजली होती की हिवाळ्यात दलदलींत भुकेने मरत होती. वन्यजीवतज्ज्ञ अल्डो लिओपोल्ड तेव्हा राज्याच्या संवर्धन आयोगावर होता. माद्याही माराव्यात असे त्याने म्हटले आणि लोकांनी त्याला फाडून खाल्ले. आजही लांडग्यांवरून तीच भांडणे आहेत: हरणे कमी झाली की दोष लांडग्याला, जरी कूप म्हातारा झालेला असला तरी. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल-काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा वन्यजीव खात्यांकडे येतो. पद्धत उपयोगी आहे. भारतातल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा एवढेच ठाऊक असलेल्या आपल्याला ती समजून घ्यावी लागते. पण पैसा शिकाऱ्याकडून येतो म्हणून खात्याचे कान त्याच्याकडेच जास्त लागतात, हेही खरे.

या रानावर आणखी एक जुना हक्क आहे. ओजिब्वे लोकांनी १८३७ आणि १८४२च्या करारांत जमीन दिली, शिकारीचा हक्क राखून ठेवला. १९८३ साली संघीय न्यायालयाने तो मान्य केला. त्यांचे हंगाम वेगळे, नियम वेगळे. आणि हरणांचा एक रोग, प्रायॉनने (विकृत प्रथिनाने) होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज: विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ साली उघड झाला, अप्पर पेनिन्सुलात २०१८ साली. कोणत्या काउंटीतून मृत हरीण कसे बाहेर न्यायचे, चारा टाकायचा की नाही, हे त्यावरून ठरते आणि दर वर्षी बदलते.

तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणाला जावेसे वाटले, तर तीन गोष्टी. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्याला परवान्याआधी शिकार-शिक्षणाचा वर्ग करावा लागतो, मिनेसोटात १९७९नंतर जन्मलेल्याला. एच-वन-बीसारख्या व्हिसावरच्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, राज्याचा वैध शिकार-परवाना हा त्यातला एक अपवाद. वकिलाला विचारल्याशिवाय मित्राच्या रायफलला हात लावू नका. आणि शिकार करायची नसली, नुसते फिरायला जायचे असले, तरी नोव्हेंबरात त्या रानात नारिंगी जाकीट घाला, मुलांना घाला, कुत्र्यालाही घाला.