भूमिका-खेळात खरी छायाचित्रे

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होतो. गेम मास्टर प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते ठरवतात आणि अवघड कृतीचा निकाल फाशांवर लागतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि तेथून हा प्रकार जगभर पसरला. खेळाचा सारा डोलारा वर्णनावर उभा असल्यामुळे चित्रांची जोड लवकरच मिळाली. 1978च्या ‘टूम ऑफ हॉरर्स’ या साहसकथेत खेळाडूंना दाखवण्यासाठी चित्रांची वेगळी पुस्तिकाच होती. चित्र समोर धरून कथा सांगण्याची रीत महाराष्ट्रालाही जुनीच आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र दाखवत रामायण-महाभारतातील आख्याने सांगतात.

हेच काम खऱ्या जागेचे छायाचित्रही करते. त्याचा खरा उपयोग म्हणजे त्यातून खेळाडूंना निर्णयासाठी माहिती मिळते. ‘समोर भक्कम दरवाजा आहे’ एवढे सांगितले तर प्रत्येकाच्या मनात वेगळा दरवाजा उभा राहतो. अकोला जिल्ह्यातील नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाचे छायाचित्र दाखवले, की कमानीच्या दोन्ही अंगांचे दगडी सज्जे, जाळ्या आणि कोरीव लेख सर्वांना सारखेच दिसतात. मग प्रश्नही नेमके येतात: सज्ज्यात पहारेकरी असेल का, लेखात काय लिहिले आहे, जाळीतून आत डोकावता येईल का.

अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळचा गाविलगड लढाईच्या प्रसंगाला फार उपयोगी आहे. डिसेंबर 1803 मध्ये इंग्रज फौजेने बाहेरच्या किल्ल्याची तटबंदी फोडली. तरी दरीपलीकडे आतला किल्ला शिल्लकच होता. शेवटी एका तुकडीने आतल्या तटाला शिड्या लावल्या आणि आतून दरवाजा उघडला. म्हणून दोन्ही तटांची आणि मधल्या दरीची छायाचित्रे क्रमाने दाखवावीत. पहिला तट पडल्यावरच दुसरा दिसला, तर वेढा घालणाऱ्यांची अडचण खेळाडूंना नीट कळते. अकोला जिल्ह्यातीलच बाळापूरचा विटांचा किल्ला नदीकाठी आहे. त्याची उन्हाळ्यातील आणि पावसाळ्यातील छायाचित्रे शेजारी ठेवली, तर ऋतूप्रमाणे बेत बदलावा लागतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

छायाचित्रे मोजकीच असावीत. एका बैठकीला चार-पाच पुरेत. विजेचे खांब, फलक, पर्यटक असा भाग आधी कापून टाकावा. आधी दोन वाक्यांत वास, आवाज, उजेड सांगावा आणि मग छायाचित्र द्यावे. ते आधी दिले तर बोलण्याकडे कोणाचे लक्ष राहत नाही. मोबाइलवर दाखवण्यापेक्षा छापील प्रत हातोहात फिरवणे सोयीचे, कारण ती टेबलावर राहते आणि पुन्हा पाहता येते. जे खेळाडूंपासून गुप्त राहायला हवे, ते छायाचित्रात आधीच दिसत नाही ना, हेही तपासावे. भुते, राक्षस यांच्यासाठी मात्र शब्दच प्रभावी ठरतात. तेथे कल्पनेला मोकळे सोडावे.

घरच्या खेळात कोणतेही छायाचित्र चालून जाते. पण साहसकथा छापून वाटायची असेल, तर छायाचित्रकाराची परवानगी आणि नामोल्लेख आवश्यक आहे. त्यापेक्षा स्वतः जाऊन छायाचित्रे काढणे उत्तम. नरनाळा अभयारण्यात येतो, म्हणून तेथे वनविभागाचे नियम पाळावेत. वऱ्हाडातील खेळाडूंनी परदेशी किल्ल्यांच्या आधी आपल्या जिल्ह्यातले किल्ले टेबलावर आणावेत.