सोन्याचं वाटणारं लाकूड

हर्सूलजवळच्या बीबी का मकबऱ्यात खालचा भाग आणि घुमट संगमरवरी, मधला बराचसा चुन्याच्या गिलाव्याचा, तरी सगळा संगमरवरीच भासतो. जुन्या युरोपीय सोनेरी आरशांची चतुराई याच जातीची. चौकट अस्सल सोन्याची भासते, पण आत असतं साधं लाकूड.

त्यावर आधी कोरीव काम होतं. मग खडूची भुकटी आणि सरस यांचे थरावर थर चढतात. ते घासून गुळगुळीत केले की नक्षीच्या रेषा पुन्हा कोरून धारदार करतात. त्यावर लाल चिकणमातीचा हात देऊन सोन्याचा वर्ख बसवतात आणि अकीक दगडाने घोटतात. वर्ख इतका पातळ की फुंकर लागली तरी उडतो. म्हणून जुन्या चौकटीच्या कडांवर, जिथे वर्षानुवर्षं फडकं फिरलं, तिथे तांबूस माती डोकावते. नव्या नकलेत ही झीज बहुधा सगळीकडे सारखीच दिसते.

शैली ओळखायला फार अवघड नाही. शिंपले, वेलांट्या, डावी-उजवी बाजू मुद्दाम वेगळी असेल तर अठराव्या शतकाच्या मध्याचा रोकोको. पुढे सरळ रेषा, कलश, माळा आल्या. मला ते जरा कोरडंच वाटतं.

काचेमागे पूर्वी कथील-पाऱ्याचा लेप असे. 1835 मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने चांदीचा थर चढवण्याची रीत शोधली, आणि पाऱ्याचा विषारी धंदा हळूहळू मागे पडला.

सोनेरी लाकूडकाम जवळून पाहायचं तर जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चची वेदी पाहावी.