राजगृह : खाली संग्रहालय, वर संसार

सहा डिसेंबरला आपल्यापैकी कितीतरी जणी दादरला जातात. चैत्यभूमीला डोकं टेकवतात आणि रात्रीची गाडी धरतात. पण दादर स्टेशनच्या पूर्वेला, हिंदू कॉलनीत एक घर आहे, ते बघायचं राहून जातं. त्याचं नाव राजगृह.

आधी परळला जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर शहर सुधारण्यासाठी १८९८ मध्ये एक ट्रस्ट नेमला गेला, आणि त्यानं चाळी बांधल्या. लोक त्यांना बीआयटी चाळी म्हणतात. परळच्या तशाच एका चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्यांत, बाबासाहेब सुमारे २२ वर्षं राहिले. म्हणजे रमाबाईंचा बहुतेक संसार त्या दोन खोल्यांतच झाला. पती परदेशात शिकत होते तेव्हा घर त्यांनीच चालवलं. पाच मुलं झाली, त्यांतले एकटे यशवंत जगले.

मग राजगृह. १९३१ मध्ये काम सुरू झालं, १९३३ मध्ये पुरं झालं. कर्ज काढून बांधलं होतं. आपण घर बांधताना आधी चूल कुठे, देव्हारा कुठे हे ठरवतो. बाबासाहेबांनी आधी पुस्तकांची जागा ठरवली. वर पुस्तकं, खाली कुटुंब. पुढे तिथे पन्नास हजारांहून जास्त पुस्तकं झाली. जवळच त्यांची चार मिनार नावाची दुसरी इमारत होती, ती १९४१ मध्ये विकावी लागली. राजगृह मात्र त्यांनी राखलं.

रमाबाईंना हे घर फार दिवस लाभलं नाही. २७ मे १९३५ रोजी त्या राजगृहातच गेल्या. मला या घरातली ही गोष्ट सगळ्यात जास्त लागते. वीस-बावीस वर्षं सामाईक नळावर पाणी भरलं, आणि स्वतःच्या घरात जेमतेम दोनच वर्षं.

डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचं पार्थिव दिल्लीहून आणलं, तेही आधी इथेच. आता मांडणी उलटी झाली आहे. तळमजल्यावर संग्रहालय आहे, आणि घराण्यातली माणसं वर राहतात. खाली अस्थी, फोटो, पुस्तकं आणि वापरातली भांडीसुद्धा आहेत.

आता प्रश्न असा, की असं घर सांभाळायचं कुणी? मुंबईतच गावदेवीला मणिभवन आहे. ते रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं घर. गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. १४ ऑगस्ट १९३१ रोजी गांधीजी आणि बाबासाहेब पहिल्यांदा भेटले ते तिथेच. ते घर १९५५ मध्ये गांधी स्मारक निधीकडे गेलं, आज तिथे कुणाचा संसार नाही. लंडनमध्ये बाबासाहेब शिकताना ज्या घरात राहिले, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं. राजगृह मात्र घरच्यांच्या हातात आहे. संस्था किंवा सरकार आलं की डागडुजीची सोय होते, पण घर रात्री कुलूपबंद असतं. घरचे राहिले की दिवा जळतो, पण लोकांनी यायचं आपल्या दारातून, आणि झळही आपल्यालाच. जुलै २०२० मध्ये राजगृहावर दगड मारले गेले, कुंड्या फोडल्या. तेव्हा वर माणसं होती.

आपल्याकडे एवढं मोठं घर नसेल, पण वस्तू असतात. माझ्या माहेरी आजीचं तांब्याचं घंगाळ मोडीत घातलं आणि मिक्सर घेतला. मिक्सर चार वर्षांत बिघडला. ज्यांच्याकडे अजून जातं, पाटा, जुना फोटो असेल, त्यांनी एक करा. फोटोच्या मागे पेन्सिलीनं नावं आणि साल लिहा. शाईनं नको, ती पुढे उमटते. कुणाची वस्तू, कुणी कधी वापरली, हे लिहिलेलं नसेल तर नातवंडांना ते भंगारच वाटणार.

आणि राजगृह बघायचं असेल तर सहा डिसेंबर सोडून दुसरा दिवस धरा. त्या दिवशी गर्दीत काही नीट दिसत नाही. दादर पूर्वेला उतरून चालत जाता येतं. आत हळू बोला, आणि जिन्यानं वर जाऊ नका. वर घर आहे.