३५१वा कप्पा

जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी, पाण्याचे पेले, परवाची बिलं असं सगळं ओट्यावर गेलं की आमच्या घरात समजायचं, आज कार्डं लावायची आहेत. लेक अकरा वर्षांची, जन्म न्यू जर्सीचा. फेब्रुवारीत आमच्याकडे अंगणात बर्फ असतो, तेव्हा तिकडे फ्लोरिडात आणि ॲरिझोनात बेसबॉलवाल्यांचा सराव सुरू होतो. त्याच सुमाराला टॉप्स कंपनीचा बेसबॉल कार्डांचा वर्षाचा पहिला संच, ‘सिरीज वन’, दुकानात येतो. एकूण ३५० कार्डं. एक ते साडेतीनशे, सगळी जमवायची.

मी क्रिकेटवर वाढलेला. शाळेत असताना बबलगमबरोबर मिळणारी खेळाडूंची चित्रं जमवायचो आणि मधल्या सुट्टीत ‘तुझ्याकडे डबल आहे का?’ विचारत फिरायचो. तो ‘डबल’ शब्द मी लेकीला जसाच्या तसा दिला. बेसबॉलचं बाकी सगळं मात्र तीच मला शिकवते.

लावण्याची पद्धत ठरलेली. कोरी कार्डं एकमेकांना चिकटलेली असतात. ती अलगद, कडांना धरून सुटी करायची आणि सगळी पालथी ठेवायची, कारण नंबर मागच्या बाजूला कोपऱ्यात असतो. आधी शंभर-शंभरचे ढीग, मग दहा-दहाच्या चळती, मग चळतीतला क्रम. नवा नंबर असेल तर कार्ड बाइंडरमध्ये. आधीच आलेला असेल तर बुटाच्या खोक्यात, डबलांत. तासाभराने हात इतके सरावतात की खेळाडूचं तोंडही न बघता कार्डं जागच्या जागी जातात. पुढे हाच सराव आम्हाला नडला.

बाइंडरच्या पानाला नऊ कप्पे. १९५७पासून टॉप्सचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंचांचं आहे, म्हणून हे पान तेव्हाच्या कार्डालाही चालतं आणि आजच्याही. ३५० कार्डांना ३९ पानं लागतात आणि शेवटच्या पानावर एक कप्पा उरतो.

‘बाबा, यात काय?’

‘काही नाही. तो रिकामाच राहणार.’

पहिली दोनअडीचशे कार्डं पाण्यासारखी येतात. पुढे गाडी अडते. सगळा मामला निव्वळ नशिबाचा धरला, तर साडेतीनशेपैकी निम्मे नंबर मिळायला सरासरी २४०-२४५ कार्डं पुरतात. पूर्ण संचाला मात्र सुमारे २,२५० लागतात. त्यातलं शेवटचं एकटं कार्डच सरासरी ३५० कार्डं खातं. एका बॉक्समध्ये सहसा फार डबल घालत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात इतकी वेळ येत नाही. तरी शेवटच्या दहाबारा नंबरांसाठी शहाणा माणूस पॅक विकत घेत नाही, अदलाबदल करतो. आम्हीही तेच केलं. शेजारच्या मुलाला चाळीस डबल दिली आणि त्याच्याकडून अडलेले नऊ नंबर आणले. उरलेले दुकानातल्या सुट्या कार्डांच्या पेटीत सापडले. मार्चच्या एका रविवारी शेवटचा कप्पा भरला. त्या दिवशी जेवणात श्रीखंड होतं.

पुढच्या शनिवारी लेकीने भरलेलं बाइंडर दुकानदाराला दाखवायला नेलं. सत्तरीचा माणूस, चष्मा कपाळावर. पानं उलटता उलटता त्याने विचारलं, ‘कोड बघितलेत?’

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

त्याने एक कार्ड बाहेर काढून पालथं केलं. खाली, कायद्याच्या मजकुराच्या गर्दीत, मुंगीएवढ्या अक्षरांत सीएमपी आणि त्यापुढे आकडे. साध्या कार्डांवर, म्हणजे ‘बेस’वर, शेवटचे आकडे सारखे असतात. ते बदललेले दिसले की थांबायचं. ते बहुधा व्हेरिएशन असतं. नाव तेच, नंबर तोच, फोटो मात्र दुसरा. काही कमी छापलेली, म्हणजे ‘शॉर्ट प्रिंट’, काही त्याहून कमी.

मला आपली नाणी आठवली. सालाखाली बारीकसा हिरा असला तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असली तर हैदराबाद. नाणं सगळ्यांच्या खिशात असतं, हिरा बघणारा एखादाच.

पॅरलल आणि व्हेरिएशन यांत घोळ करायचा नाही, हेही त्याने बजावलं. पॅरलल म्हणजे तोच फोटो, वेगळ्या रंगाच्या कपड्यांत. टॉप्सच्या सोनेरी कार्डांची संख्या सालाएवढी असते, २०२४ साली २,०२४ प्रती. ते कार्ड स्वतःच चमकून सांगतं की मी वेगळं आहे. व्हेरिएशन काही सांगत नाही.

पूर्वी व्हेरिएशन कोणी ठरवून काढत नसे. आधी चूक व्हायची, मग छपाई चालू असताना ती दुरुस्त व्हायची, आणि दोन्ही तऱ्हेची कार्डं बाजारात राहायची. १९७४मध्ये सॅन डिएगो पाड्रेस हा संघ वॉशिंग्टनला जाणार असं धरून टॉप्सने त्याच्या काही खेळाडूंच्या कार्डांवर वॉशिंग्टन छापून टाकलं. तेवढ्यात मॅकडोनाल्ड्सच्या रे क्रॉक यांनी संघ विकत घेतला आणि तो सॅन डिएगोतच राहिला. टॉप्सने पुढे नाव बदललं, पण वॉशिंग्टनवाली कार्डं तोवर बाहेर पडली होती. १९८९मध्ये फ्लीअर कंपनीच्या बिली रिपकनच्या कार्डावर बॅटच्या मुठीच्या टोकावर एक अस्सल शिवी लिहिलेली निघाली. कंपनीने ती कधी काळ्या चौकोनाने झाकली, कधी पांढऱ्याने पुसली, कधी गिरगटली. प्रत्येक प्रयत्नाची एक नवी जात झाली.

दुरुस्ती झालीच नाही, तर व्हेरिएशनही नाही. टॉप्सच्या १९५७च्या कार्डावर हँक ॲरन डावखुरा दिसतो, कारण निगेटिव्ह उलटी लागली. सगळ्या प्रती तशाच, त्यामुळे ती नुसती चूक. उलट १९५२चं मिकी मँटलचं प्रसिद्ध कार्ड दोन तऱ्हांचं आहे आणि ओळखायचं कसं, तर मागच्या बाजूला छापलेल्या चेंडूच्या शिवणीची टोकं कोणत्या दिशेला वळलीत ते बघून.

मग २००७ आलं. टॉप्सच्या डेरेक जीटरच्या कार्डात मागे प्रेक्षकांत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश आणि डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेत, १९९५ साली वारलेला मँटल! ही कंपनीतल्याच कोणाची तरी संगणकावरची मस्करी होती. लोक त्या कार्डावर तुटून पडले. आज व्हेरिएशन योजून छापतात. चुकीचाही धंदा होतो, हे कळल्यावर माझा उत्साह जरा ओसरला. लेकीचा नाही.

त्या रात्री टेबल पुन्हा रिकामं झालं. मी मोबाइलचा दिवा धरला, तिने माझ्या वडिलांचं पोस्टाच्या तिकिटांसाठीचं भिंग घेतलं. आधी डबलांचं खोकं. दीडशेवर कार्डं, सगळ्यांचे आकडे सारखे. मी जांभई दिली. तिने बाइंडर ओढलं.

‘तिथे कशाला? ती तर लावलेली आहेत.’

‘लावताना कुठे बघितली होती?’

सत्ताविसाव्या पानावर तिचा हात थांबला. शेवटचे आकडे वेगळे. कार्ड उलटून सुलटं केलं. आजूबाजूचे आठही जण बॅट फिरवताहेत, चेंडू फेकताहेत, धावताहेत. हा पिचर मात्र डगआउटच्या कठड्यावर रेलून, टोपी मागे सारून कोणाशी तरी हसतोय. हसताना डोळे मिटलेत. महिनाभर तो त्या कप्प्यातून आमच्याकडे हसत होता.

घडलं होतं असं: हे कार्ड आधी आलं, आम्ही नंबर बघून लावलं. मग त्याच नंबरचं साधं कार्ड आलं, ते डबल म्हणून खोक्यात गेलं आणि तिथून शेजारच्या मुलाकडे. म्हणजे दुर्मीळ कार्ड आमच्यापाशी आणि कोणालाही मिळेल असं साधं कार्ड गायब. ज्या संचासाठी श्रीखंड खाल्लं, तो ३४९चाच होता.

‘त्याच्याकडून मागून आण,’ मी म्हटलं.

‘दिलेलं परत मागतात का?’ ती म्हणाली. आजीचं वाक्य.

शनिवारी पुन्हा दुकान. पेटीतून साधं कार्ड निघालं, किंमत २५ सेंट. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. हसून हसून त्याला ठसका लागला होता. घरी आल्यावर चेंडू फेकणारा पिचर आपल्या जागी गेला आणि हसणारा शेवटच्या पानावरच्या ३५१व्या कप्प्यात.

त्याच संध्याकाळी एक नवा पॅक फोडला. मी सवयीने कार्डं पालथी मांडायला लागलो. लेकीने माझा हात धरला आणि एकेक कार्ड उताणं करत गेली. नंबर मागाहून बघू, म्हणाली.