छताला पेलेल तो पंखा

टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाई भागात मराठी कुटुंबं दोन दशकांहून अधिक काळ राहत आहेत. २००० सालाच्या सुमारास, संगणकांतल्या तारखांचा घोळ निस्तरायला आलेल्या भारतीय अभियंत्यांनी इथे बिऱ्हाडं थाटली. २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. इथे भाड्याचं घर बघायला गेलेल्या मराठी माणसाची मान सवयीने वर जाते आणि छत मोकळं दिसतं. पंखा नाही, पंख्याचा हूकही नाही. पुष्कळदा दिवासुद्धा नसतो, कारण आधीचा भाडेकरू घर सोडताना आपले दिवे काढून नेतो. खोलीच्या मधोमध असते ती फक्त एक छोटी प्लास्टिकची जोडणी.

या जोडणीला तिथे ‘हिक्काके सीलिंग’ म्हणतात. दिवा तिच्यात घालून फिरवला की घट्ट बसतो आणि वीजही तिथूनच मिळते. जपानमध्ये घरातल्या तारांना हात लावायला परवानाधारक वायरमनच लागतो, पण या जोडणीत दिवा किंवा पंखा अडकवायला परवाना लागत नाही. म्हणून भाडेकरूच्या दृष्टीने पंख्याची सगळी निवड इथूनच सुरू होते. साध्या जोडणीवर ५ किलोपर्यंतच वजन टांगायचं असतं. बाजूला धातूचे आधार असलेली जोडणी असेल तर १० किलोपर्यंत. भूकंपाच्या देशात हा आकडा कागदोपत्री राहत नाही. हलत्या छताखाली फिरतं वजन टांगायचं असतं. पंख्याचं वजन आणि जोडणीचा प्रकार हे दोन्ही पाहिल्याशिवाय दुकानात पैसे मोजू नयेत.

दुसरी अडचण उंचीची. राहत्या खोलीचं छत किमान २.१ मीटर उंच हवं, असं तिथला बांधकाम कायदा सांगतो. नव्या घरांत ते साधारण २.४ मीटर, म्हणजे जेमतेम आठ फूट असतं. आपल्याकडच्यासारखा फूटभर दांडा लावला तर पाती डोक्यापासून हातभरही लांब राहत नाहीत. सदरा काढताना हात वर गेला किंवा पोराला खांद्यावर घेतलं, की संपलंच. त्यामुळे तिथे छताला जवळजवळ चिकटून बसणारा, आखूड पात्यांचा आणि पोटात दिवा असलेला पंखाच बरा. खोलीत जोडणी एकच, तेव्हा पंख्याने दिव्याची जागा घेतली तर उजेडही त्यानेच द्यायला हवा. दिवा पात्यांच्या खाली असावा. वर असला तर सावल्या भिरभिरतात आणि डोळे दुखतात.

गावाहून पंखा नेण्याचा विचार मात्र सोडूनच द्यावा. आपली वीज २३० व्होल्टची, तिथली १०० ची. आपला साधा पंखा तिथे रखडतच फिरेल. शिवाय जपानमध्ये सगळीकडे वीज एकसारखी नाही. १८९५ च्या सुमारास टोकियोने जर्मनीहून ५० हर्ट्झची जनित्रं आणली, त्यानंतर लवकरच ओसाकाने अमेरिकेहून ६० ची. तो भेद आजही कायम आहे. पूर्व जपान पन्नासावर, पश्चिम जपान साठावर. साध्या मोटरचा वेग या आकड्यावर ठरतो, म्हणून टोकियोतला पंखा ओसाकाला नेला की जोरात फिरतो. बदलीची नोकरी असेल तर डीसी मोटरचा पंखा घ्यावा. त्याला हा फरक जाणवत नाही आणि वीजही कमी लागते.

जपानला पंखा नवा नाही. तोशिबा कंपनीचा पूर्वज असलेल्या शिबाउरा कारखान्याने १८९४ मध्येच विजेचा पंखा बनवला होता, डोक्यावर दिवा असलेला. पण तो टेबलावरचा. जमिनीवर बसणाऱ्या, चटईवर गादी घालून झोपणाऱ्या घराला वारा खालूनच हवा होता, असं मला वाटतं. गंमत अशी, की ओसाकात १९०९ मध्ये सुरू झालेल्या केडीके या जपानी ब्रँडचे छतपंखे सिंगापूर-हाँगकाँगच्या घराघरांत फिरतात. जपानात मात्र टेबलपंख्यानंतर थेट एसी आला, आणि आज दहातल्या नऊ घरांत तो आहे.

पंख्याला पुन्हा मान मिळाला तो संकटामुळे. मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांच्या दुर्घटनेनंतर विजेचा तुटवडा पडला. त्या उन्हाळ्यात टोकियो आणि ईशान्य भागातल्या मोठ्या ग्राहकांना सरकारने वापरात १५ टक्के कपात करायला लावली. घरोघरी पंखे शोधले जाऊ लागले. आदल्याच वर्षी बालमुदा या छोट्या कंपनीने डीसी मोटरचा, अगदी मंद वेगाला फारच कमी वीज खाणारा पंखा बाजारात आणला होता. महागडा पंखा कोण घेणार, या प्रश्नाचं उत्तर त्या उन्हाळ्याने दिलं.

पण पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. रिकाम्या खोलीत तो फिरत ठेवणं म्हणजे निव्वळ वीज जाळणं. त्याची खरी जोडी एसीशी. २००५ पासून जपानी सरकार उन्हाळ्यात खोलीचं तापमान २८ अंश ठेवायला सांगतं. वारा नसेल तर त्या उकाड्यात बसवत नाही, मंद पंखा असला की चालून जातं. एसी २७ वरून २८ वर नेला तर हंगामाला सुमारे ३० युनिट वाचतात, असा सरकारी हिशोब आहे. दुमजली उंचीच्या मोकळ्या दिवाणखान्यात पंखा हिवाळ्यातही उपयोगी पडतो. उलटा फिरवला की वर साचलेली ऊब खाली येते.

जुना पंखा जपून ठेवण्याची सवय मात्र सोडा. जुन्या पंख्यांना आगी लागून माणसं दगावल्यावर २००९ पासून तिथे प्रत्येक पंख्यावर तो किती वर्षं वापरावा हे छापावं लागतं. सेकंडहँड घेताना ते आधी वाचा.

आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं. २०१८ च्या उन्हाळ्यात जपानमध्ये उष्माघाताने दीड हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांत म्हातारी माणसं फार होती, आणि घरातच, एसी न लावता गेलेली बरीच. हवा पस्तिशीपार गेली की पंखा गरम वाराच अंगावर फेकतो. जुलै-ऑगस्टमध्ये तुमचे आईवडील तिकडे येणार असतील तर ‘पंखा पुरे, एसी कशाला’ हे त्यांचं म्हणणं ऐकू नका. कामावर जाताना एसी चालू करूनच घराबाहेर पडा.